पुवावीचा खत कारखाना आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा तास

खताच्या कारखान्याशी ऑपरेटिंग सिस्टिमचा काय संबंध, असं वर्गात विचारलं की पोरं हसतात. संबंध मात्र अगदी थेट आहे.

पोलंडच्या पूर्व भागात, विस्तुला नदीकाठी, पुवावी नावाचं शहर आहे. 1960 च्या दशकात तिथं नत्रखताचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच्यावर लक्ष ठेवायला कोपनहेगनच्या रेग्नेसेंट्रालेन या कंपनीचा आरसी 4000 हा नवा कॉम्प्युटर बसवायचं ठरलं, आणि त्यावरच्या प्रोग्रॅमची जबाबदारी एका तिशीही न गाठलेल्या इंजिनिअरकडे आली. त्याचं नाव पेर ब्रिंच हॅन्सन. 1938 चा जन्म, कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गचा. 1963 ला इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला आणि सुरुवातीची काही वर्षं कोबोल या भाषेच्या कंपायलरवर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमवर, घालवली. कारखाना चालवायचा म्हणजे काय, याचा त्याला तोवर काही अनुभव नव्हता.

कारखान्यात कामं रांगेत उभी राहत नाहीत. इकडं तापमान मोजायचं, तिकडं दाब. कुठं दर काही सेकंदांनी, कुठं दर तासानं. मध्येच धोक्याची घंटा वाजवायची, नोंदी छापायच्या, आणि ऑपरेटरनं काही विचारलं तर त्यालाही उत्तर द्यायचं. मशीन एकच, त्यातला प्रोसेसर एकच. ब्रिंच हॅन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यासाठी प्रोग्रॅमचं एक छोटं केंद्र, म्हणजे कर्नल, लिहिलं. ते फक्त कामांना आलटून पालटून प्रोसेसर देई, घड्याळ सांभाळी आणि कामांची एकमेकांत लुडबूड होऊ देत नसे. पुढं याच विचारातून 1969 मध्ये आरसी 4000 ची पूर्ण मल्टिप्रोग्रॅमिंग सिस्टिम तयार झाली. यॉर्न येन्सन आणि सोरेन लाउएसन हे त्यातले जोडीदार. केंद्रानं कुठलंही धोरण ठरवायचं नाही, फक्त प्रोसेस, म्हणजे चालती कामं, तयार करायच्या आणि त्यांच्यात निरोपांची देवाणघेवाण करून द्यायची. बाकीची ऑपरेटिंग सिस्टिम ज्याला जशी हवी तशी त्यानं वर रचावी. आज ज्याला मायक्रोकर्नल म्हणतात, त्याचं मूळ शोधत गेलं की या कामापाशी येऊन थांबावं लागतं.

आमच्याकडं जुलैत कृषी केंद्रासमोर युरियाची रांग लागते, पॉस मशीनवर अंगठा उमटतो, आणि ‘सर्व्हर डाउन’ म्हणून रांग तिथंच बसते. अशा वेळी मला पुवावी आठवतं. युरिया तिथलाच असतो असं नाही. पण एका वेळी हजारो दुकानांतून अंगठे येत असताना साठ्याचा आकडा बरोबर राहावा, ही चिंता पहिल्यांदा ज्यांनी गंभीरपणे केली त्यांतला एक माणूस खतातूनच वर आला, याची गंमत वाटते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. पोरं बहुतेक शेतकऱ्यांची. सकाळी कॉलेजच्या बसमध्ये चढण्याआधी कुणी म्हशीची धार काढून आलेला, कुणी रात्री ओलित करून. अभ्यासक्रमात कॉन्करंट प्रोग्रॅमिंगला, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या प्रोग्रॅमिंगला, एक युनिट आहे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो, आणि उत्तर पाठ असतं: ‘सेमाफोर म्हणजे एक पूर्णांक चल, त्यावर दोनच क्रिया...’ पुढचं सगळं. उत्तर बरोबर असतं आणि लिहिणाऱ्याला ते कशाचं उत्तर आहे हे ठाऊक नसतं. म्हणून मी आधी लॅबमध्ये नेतो.

लॅबचा पहिला प्रयोग सोपा आहे. एक आकडा, सुरुवातीला शून्य. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी दोन कामं. प्रत्येकानं त्या आकड्यात एक लाख वेळा एक मिळवायचा. शेवटी किती? ‘दोन लाख’, पूर्ण वर्ग ओरडतो. प्रोग्रॅम चालवला की स्क्रीनवर दोन लाखाच्या बरेच खाली काहीतरी येतं. परत चालवला की तिसरंच. शेजाऱ्याच्या मशीनवर चौथं. पहिला संशय मशीनवर जातो, दुसरा माझ्यावर. मग सांगावं लागतं, की ‘एक मिळव’ हे आपल्याला एक काम दिसतं, प्रोसेसरला तीन दिसतात: आकडा वाच, एक मिळव, परत लिहून ठेव. दोघांनी एकाच क्षणी 500 वाचला, दोघांनी 501 केला, दोघांनी 501 लिहिला. कामं दोन झाली, वाढला एक.

खरी भीती पुढच्या प्रयोगात आहे. एक लाखाऐवजी शंभरच वेळा फिरवा. आता उत्तर दोनशे. परत दोनशे. परत दोनशे. कारण दुसरा थ्रेड सुरू होईपर्यंत पहिल्याचं काम उरकलेलं असतं. प्रोग्रॅम तोच, चूक तीच, फक्त दिसत नाही. तपासणाऱ्याला पास करावा लागेल असा प्रोग्रॅम, आणि पूर्ण चुकीचा.

ब्रिंच हॅन्सनच्या सगळ्या कारकिर्दीत हाच काटा रुतलेला होता. साधी चूक पुन्हा करून दाखवता येते, म्हणून शोधता येते. वेळेवर अवलंबून असलेली चूक बोलावली की येत नाही. ती येते ती कारखाना भर जोरात असताना, आणि इंजिनिअर पोहोचेपर्यंत निघून गेलेली असते. मग चाचणी घेऊन ती सापडेल ही आशा सोडली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. प्रोग्रॅम चालायच्या आधीच, कंपायलरनंच तिला अडवलं पाहिजे. आज हे वाचायला सरळ वाटतं. 1970 च्या आसपास हा बराच हट्टी विचार होता.

त्या काळचा उपाय म्हणजे सेमाफोर. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1965 च्या आसपास तो मांडला आणि त्यानं या विषयाला पहिल्यांदा भक्कम जमीन मिळाली. तो काय आहे हे पोरांना सांगताना मी आमच्या घरच्या विहिरीचा आधार घेतो. बाबा आणि मोठेबाबा यांची विहीर सामाईक. सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ नोंद आहे, हिस्सा निम्मा निम्मा. मोटारी मात्र दोन होत्या. दोन्ही एकदम चालल्या की पाणी फुटवॉलच्या खाली जायचं आणि दोन्ही मोटारी हवा घ्यायच्या. कुणाच्याच वावरात धड पाणी नाही. म्हणून रीत ठरली: मोटर सुरू करणाऱ्यानं विहिरीवरच्या खांबाला फडकं बांधायचं, बंद केली की सोडायचं. फडकं दिसलं तर दुसऱ्यानं थांबायचं. रीत उत्तम होती. पण एखाद्या रात्री लाईन दोन वाजता यायची, झोपेत मोटर बंद करून माणूस फडकं तसंच ठेवून घरी यायचा, आणि दुसरा पहाटेपर्यंत धुऱ्यावर बसून राहायचा. कधी सालदार नवा असायचा, त्याला फडक्याचं कुणी सांगितलेलंच नसायचं. फडक्यात काही खोट नव्हती. ते बांधलं काय नि न बांधलं काय, मोटर सुरू व्हायची, एवढंच.

सेमाफोरचंही असंच. आत शिरताना एक क्रिया, बाहेर पडताना दुसरी. बाहेर पडतानाची विसरलात तर बाकीचे अनंतकाळ ताटकळतील. आत शिरतानाची विसरलात तर आकडे बिघडतील, तेही कधीतरीच. आणि कुठला सेमाफोर कुठल्या आकड्याच्या रक्षणाला ठेवलाय, हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात. कंपायलरला त्यातलं काही कळत नाही.

नोव्हेंबर 1970 मध्ये ब्रिंच हॅन्सन बायकामुलांसह अमेरिकेत गेला, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये. तिथं तो ऑपरेटिंग सिस्टिमवर पुस्तक लिहायला बसला. ते 1973 मध्ये आलं आणि या विषयाला सलग, तत्त्वांवर उभं करणारं पहिलं मोठं पाठ्यपुस्तक ठरलं. त्यातच मॉनिटरची कल्पना प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मांडलेली आहे. मॉनिटर म्हणजे इथं स्क्रीन नव्हे. नॉर्वेच्या डाल आणि न्यूगार यांच्या सिम्युला 67 भाषेत ‘क्लास’ होता: माहिती आणि तिच्यावर चालणाऱ्या क्रिया एका जागी. ब्रिंच हॅन्सननं तो उचलला आणि म्हटलं, सामाईक माहिती अशाच एका पेटीत बंद करा. पेटीवर ठरलेलीच दारं. एका वेळी एकच जण आत. कुलूप लावायचं आणि काढायचं काम कंपायलरचं, माणसाचं नाही. पेटीबाहेरून कुणी थेट आतल्या आकड्याला हात लावायला गेला तर प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होर हेही त्याच काळात त्याच दिशेनं विचार करत होते, दोघांचं बोलणं होतं, आणि होर यांचा 1974 चा लेख पुढं जास्त गाजला. आमच्या पोरांच्या नोट्समध्ये मॉनिटरपुढं बहुधा होर यांचंच नाव असतं. मी दुसरं नाव जोडायला लावतो. मार्क वाढत नाहीत त्यानं, तरी.

कल्पना कागदावर ठेवून ब्रिंच हॅन्सन थांबला नाही, आणि मला हा माणूस आवडतो तो इथून पुढं. 1972 मध्ये तो कॅलिफोर्नियात कॅलटेकला गेला आणि कॉन्करंट पास्कल ही भाषाच तयार केली. 1975 पर्यंत तिचा कंपायलर पीडीपी 11/45 या कॉम्प्युटरवर चालत होता. कंपायलर लिहिला त्याचा विद्यार्थी आल हार्टमन यानं. मग त्या भाषेत सोलो नावाची एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, आणि 1976 मध्ये तिचा प्रोग्रॅम सबंधच्या सबंध एका नियतकालिकात छापला. सारांश, आकृत्या वगैरे नव्हे. ओळ न् ओळ. वाचा आणि चूक काढा. ऑपरेटिंग सिस्टिम ही एका माणसानं खुर्चीत बसून वाचून काढायची गोष्ट असू शकते, हे मला एम.टेक. करताना कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. आपल्याकडं प्रोग्रॅम चालवून दाखवायचा असतो. प्रोग्रॅम वाचणारा माणूस लॅबमध्ये दिसला तर त्याला काम नाही असं धरतात.

आता थोडं आडवळण घेतो.

1980 च्या दशकात कॅनडात बनलेलं थेराक-25 नावाचं कॅन्सरच्या किरणोपचाराचं यंत्र होतं. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून त्यानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा दिल्याचं उघड झालं. त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर गावी 1986 मध्ये काय घडलं ते पोरांना मी सविस्तर सांगतो. ऑपरेटर सरावलेली होती. तिनं किरणांचा प्रकार चुकीचा टाइप केला, लगेच बाणाची कळ दाबून वर गेली, दुरुस्त केला, पुढं सरकली. इतक्या झटपट, की यंत्राचे चुंबक अजून आधीच्याच सूचनेनुसार जागेवर येत होते आणि त्या कामात गुंतलेल्या प्रोग्रॅमला तिचा बदल दिसलाच नाही. दोन कामं, सामाईक माहिती, मध्ये कुलूप नाही. हळू टाइप करणाऱ्याच्या हातून ही चूक कधी घडली नसती. सरावानं हात चालणाऱ्याच्याच हातून घडली.

यात दोन तपशील असे आहेत जे मला सोडत नाहीत. पहिला: आधीच्या थेराक-20 मध्येही अशी चूक प्रोग्रॅममध्ये होती, पण त्या यंत्रात स्वतंत्र विद्युत अडसर होते. चूक झाली की फ्यूज उडायचा, बस. नव्या यंत्रात ते अडसर काढले आणि सगळा भार प्रोग्रॅमवर टाकला. दुसरा: अपघातांनंतर कंपनीनं दवाखान्यांना दिलेली तातडीची सूचना अशी, की ती बाणाची कळच काढून टाका आणि तिथं चिकटपट्टी लावा.

हे सांगत असताना 2018 च्या बॅचमधला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, ‘सर, हे तं आपल्या फवारनीसारखंच झालं.’

त्याच्या आदल्या वर्षी, 2017 च्या पावसाळ्यात, आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दाट. फवारा अंगावरच परत यायचा. पाठीवर जोराचे पॉवर पंप. दोन-तीन औषधं एकत्र केलेली. हवा दमट, अंगाला चिकटणारी. आणि नंतर सगळीकडून एकच वाक्य ऐकू आलं: त्यांनी मास्क घातला नव्हता, हातमोजे घातले नव्हते, वाऱ्याची दिशा पाहिली नव्हती. बाटलीवर लाल त्रिकोण होता ना? आत माहितीपत्रक होतं ना? होतं. मुंगीच्या अक्षरात होतं. ते वाचून, त्या उकाड्यात प्लॅस्टिकचा अंगरखा घालून, रोजानं फवारणाऱ्या माणसानं दिवसभर सगळे नियम पाळावेत, असं गृहीत धरून ती सगळी व्यवस्था उभी होती.

मी काही कृषितज्ज्ञ नाही. औषध कुठलं, दोष कुणाचा किती, यात मला जायचं नाही. पण त्या मुलानं जे ओळखलं ते माझ्या विषयाचं आहे. एखाद्या जागी चूक होणं सोपं आणि न होणं कठीण अशी रचना करून ठेवायची, वर ‘काळजी घ्या’ अशी पाटी लावायची, आणि चूक झाली की पाटीकडं बोट दाखवायचं. ब्रिंच हॅन्सनला हे मुळातच मान्य नव्हतं. त्याच्या लेखांत ही गोष्ट नैतिकतेची म्हणून येत नाही, इंजिनिअरिंगची म्हणून येते. प्रोग्रॅमरनं शिस्त पाळावी असं कुणी म्हणालं, की त्याचा प्रश्न असायचा तो शिस्त कोण तपासणार असा. तपासणारा कुणी नसेल तर त्याच्या दृष्टीनं ती शिस्त नव्हतीच.

1976 नंतर त्याची वाट थोडी एकाकी दिसते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, मग 1984 ला परत कोपनहेगन, 1987 ला न्यूयॉर्क राज्यातलं सिराक्यूज, आणि 2007 मध्ये वारेपर्यंत तिथंच. दर काही वर्षांनी एक छोटी भाषा: एडिसन, जॉइस, सुपरपास्कल. प्रत्येक भाषा आधीचीपेक्षा लहान व्हावी असा प्रयत्न. दुकान मांडायची घाई नाही. 2002 मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचा कॉम्प्युटर पायोनियर पुरस्कार मिळाला. ट्युरिंग पुरस्कार, या क्षेत्रातला सगळ्यात मोठा, मात्र नाही; डाइक्स्ट्रा, होर, त्याच्याच कंपनीतला ज्येष्ठ सहकारी पेटर नाउर, सगळ्यांना मिळाला. यावर मी तावातावानं बोलू लागलो की आमचे विभागातले एक सर म्हणतात, ‘तुम्हाला काय, तुमच्या घरचाच माणूस असल्यासारखं.’ असेल.

त्याचं सगळ्यात गाजलेलं भांडण जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशी झालं. जावा आली तेव्हा थ्रेड आणि मॉनिटर भाषेतच आहेत म्हणून तिचं कोण कौतुक. 1999 मध्ये त्यानं एक लेख लिहून सरळ सांगितलं, की हे मॉनिटर नव्हेत. जावात ‘सिंक्रोनाइज्ड’ हा शब्द लिहिला तर त्या क्रियेला कुलूप लागतं. विसरलात तर लागत नाही, आणि कंपायलर तोंडातून ब्र काढत नाही. आतली माहिती खासगी ठेवायची की नाही, हेही लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे परत फडकं. मॉनिटर आणि कॉन्करंट पास्कलला पाव शतक होऊन गेल्यावर लोक हे गंभीरपणे कसं घेतात, याचं त्याला आश्चर्य वाटलं आणि ते त्यानं लपवलं नाही. लेख चिडलेला आहे. वयस्क माणसाची चिडचिड म्हणून अनेकांनी तो बाजूला ठेवला असणार.

तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, यात मला शंका नाही. पण जग त्याच्या वाटेनं का गेलं नाही, याचं कारण फक्त आळस नव्हे. कॉन्करंट पास्कल फार कडक भाषा होती. किती प्रोसेस, किती मॉनिटर, हे प्रोग्रॅम सुरू होतानाच कायमचं ठरायचं. चालता चालता नवी प्रोसेस उभी करायची सोय नाही. कंपायलरला सगळं तपासता यावं म्हणून त्यानं मुद्दाम हे दरवाजे बंद केले. सोलोसारख्या एका माणसानं वापरायच्या सिस्टिमला ते पुरलं. पण रेल्वेच्या तिकिटांवर तत्काळच्या वेळी पूर्ण देश तुटून पडतो, तिथं असं आधी मोजून ठेवलेलं जग पुरत नाही. लोकांना मोकळीक हवी होती, आणि मोकळिकीची किंमत पुढच्या पिढीवर टाकायची सवय फक्त आपल्याच सरकारांना आहे असं नाही. जावावाल्यांनीही 2004 मध्ये, पाचव्या आवृत्तीत, या कामासाठी चांगल्या तपासलेल्या साधनांचं पूर्ण कपाट भाषेला जोडलं. सामान्य प्रोग्रॅमरनं कच्ची कुलुपं स्वतः हाताळू नयेत, हे त्यांनाही कळलं होतं.

मोठेबाबांना मी हे सगळं एकदा, त्यांना समजेल अशा बेतानं, सांगून पाहिलं. ते शांतपणे सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, ‘तुह्या त्या मानसानं पेटी बनवली ते बरं केलं. पन पेटीतच दोघं एकमेकाची वाट पाहत बसले तं?’ डेडलॉक! ‘मॉनिटर असूनही डेडलॉक कसा संभवतो?’ हा प्रश्न मी पेपरात काढतो. त्यांना तो सुपारीच्या दोन कातरीत सुचला. विहिरीचा हिस्सा आणि सोसायटीचं कर्ज यांच्यात चाळीस वर्षं काढली की सुचत असावा.

आणि मग 2015 ला रस्ट ही भाषा आली. पहिली स्थिर आवृत्ती त्या वर्षीची. तिच्यात कुलूप आणि माहिती वेगवेगळी ठेवता येत नाहीत. माहिती कुलपाच्या पोटातच असते, आणि कुलूप मिळाल्याशिवाय तिला हात लावणारा प्रोग्रॅम कंपायलर घेत नाही. दोन थ्रेड एकच आकडा बेसावधपणे बदलताहेत असं दिसलं तर तो तुम्हाला लांबलचक पत्र लिहून नकार देतो. मार्ग वेगळा आहे, मालकी आणि उसनवारीच्या नियमांतून येणारा. मोठेबाबांच्या डेडलॉकवर तिच्याकडंही उत्तर नाही. तरी लॅबमधला तो दोन लाखांचा प्रयोग पहिल्यांदा रस्टमध्ये लिहिला आणि त्यानं कंपाइल व्हायलाच नकार दिला, तेव्हा मी त्या नकाराकडं किती तरी वेळ बघत बसलो होतो. पोरं विचारतात, सर, पुण्यात याच्यावर जॉब आहेत का? आहेत, थोडे. जावावर जास्त आहेत. हेही मी सांगतो. खोटं सांगून शिकवण्यात अर्थ नाही.

अभ्यासक्रमात रस्ट नाही, त्यामुळं प्रॅक्टिकल सी भाषेतच घ्यावं लागतं. सी मध्ये मॉनिटर नाही. पण एक जुगाड करता येतो. आकडा आणि त्याचं कुलूप मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, दोघांवर ‘स्टॅटिक’ लिहितो, म्हणजे दुसऱ्या फाईलमधून ते दिसत नाहीत. बाहेर फक्त दोन फंक्शन: वाढव आणि सांग. कुलूप लावणं-काढणं त्या फंक्शनच्या आत. पोरांनी आपला प्रोग्रॅम याला जोडायचा आणि दोन लाख चुकवून दाखवायचे. चुकवून दाखवील त्याला व्हायव्हाचे पूर्ण मार्क.

पहिल्या वर्षी वर्गानं दोन तास डोकं आपटलं. आकड्याला हात लावायला गेले की लिंकर, म्हणजे फाईली एकत्र जोडणारा प्रोग्रॅम, ओरडायचा. मला भलताच आनंद झाला होता, वर्गात पुवावी अवतरलं असा. तास संपताना आर्णीकडची एक मुलगी उठली, स्क्रीन माझ्याकडं फिरवली. एक लाख बेचाळीस हजार आणि काही. मी विचारलं, कसं केलं?

‘सर, तुमची फाईल उघडली अन् त्यातलं कुलूप काढून टाकलं. फोल्डरमध्येच तं होती.’

पूर्ण मार्क द्यावे लागले. आता मी सोर्स फाईल देत नाही, नुसती कंपाइल केलेली देतो. ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे, पण ज्युनिअर पोरांना घेऊन अधूनमधून लॅबमध्ये येते, आणि डीबगर, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या आत डोकावून पाहायचं साधन, लावून माझ्या फाईलमधलं कुलूप कुठल्या पत्त्यावर आहे ते शोधण्याचं काम त्यांच्यात वाटून दिलंय.